दोन घोरण्यांच्या मधली शांतता

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. मालकांचं वय ४६. स्वतःची पिकअप आहे. आठवड्यातून तीन रात्री टोमॅटो नाहीतर पालेभाजी भरून माळशेज घाटाने वाशी मार्केटला जातात. रात्री साडेनऊला निघतात ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. घरी असले की इतकं घोरतात की पोरं पलीकडच्या खोलीचं दार लावून घेतात. सासूबाई म्हणतात, कष्टाचा माणूस आहे, गाढ झोप लागते, नशीब लागतं त्याला. पण शेजारी मी असते. मधेच घोरणं बंद होतं. एकदम चिडीचूप. मी मनात आकडे मोजते, वीस, पंचवीस. मग खर्रकन श्वास ओढतात, कूस बदलतात आणि पुन्हा सुरू.

सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. रात्री तीनदा लघवीला उठतात, शुगर तपासली तर नॉर्मल. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी वरचं बीपी १५० च्या खाली येत नाही. जेवताना हातात घास तसाच राहतो आणि डुलकी लागते. गेल्या महिन्यात ओतूरच्या पुढे गाडी साइडपट्टीवरून खाली गेली. नशिबाने तिथे चारी नव्हती. मला म्हणाले, कुत्रं आडवं आलं. गाडीत हमालीला असलेल्या पोराने नंतर खरं सांगितलं.

मी घरी ब्लाउज शिवते. आता मलाही झोप येत नाही. ते घरी असले की त्यांचा श्वास ऐकत पडते, नसले की फोनची वाट बघत. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणली, अर्धी घेते, वर्ष होत आलं. यांची झोप रात्रभर मोडते, तर तीच अर्धी गोळी यांनाही द्यावी का? दुधातून दिली तर कळणारही नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की भडकतात. म्हणतात, घोरण्यासाठी कुणी डॉक्टर करतं का?

ता. क. सासूबाईंचे पाय रात्री फार वळवळतात, झोपू देत नाहीत. त्यावरही काही सांगा.

– एक वाचक

*

ताई, गोळी देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, आणि दुधातून तर मुळीच नाही. पत्राचं बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण ही ओळ आज रात्रीच्या आत डोक्यात पक्की बसू द्या.

तुम्ही जिला झोपमोड म्हणता, तीच सध्या त्यांना श्वास परत मिळवून देते आहे. गळा बंद पडतो, रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो, आणि मेंदू त्यांना आतून ढोसून अर्धवट जागं करतो. त्या ढोसण्याने श्वास सुटतो. झोपेच्या गोळीने दोन गोष्टी होतात. गळ्याचे स्नायू आणखी सैल पडतात, आणि ढोसणारा हातही जड होतो. म्हणजे श्वास जास्त वेळ अडकतो आणि जाग उशिरा येते. दारूने हेच होतं. अधूनमधून घेत असतील तर त्या रात्रीचं घोरणं आणि मधली शांतता जरा लक्ष देऊन ऐका, फरक कळेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, आखूड मान, पोट पुढे. म्हणाले, डॉक्टर, रात्री दहादा जाग येते. मी बीपी बघितलं, छाती ऐकली आणि झोपेची गोळी लिहून दिली. त्यांची बायको बाहेर बाकावर बसलेली होती, तिला आत बोलवावं असं मला सुचलंच नाही. चार दिवसांनी ती एकटी आली. दारातच उभी राहून म्हणाली, ‘बाई, गोळी सुरू केल्यापासून मधली शांतता लांबलीय.’ मला तेव्हा त्या शांततेबद्दल काहीच माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. पुढे ते गृहस्थ व्यवस्थित झाले, हे माझं नशीब. तेव्हापासून घोरणाऱ्या माणसाच्या घरचं कुणी आत आल्याशिवाय मी तपासायला सुरुवात करत नाही. या आजारात रोग्याला स्वतःच्या आजाराचं काहीच कळत नाही. तो झोपलेला असतो. साक्षीदार शेजारी असतो.

आता हे नेमकं होतं काय? तुमच्या शिवारात मोटार असेलच. मोटारीच्या सक्शनला कडक पाईप का लावतात, आणि डिलिव्हरीला चपटा मऊ पाईप का चालतो, हे मालकांना विचारा, ते झोपेतही सांगतील. सक्शनला मऊ पाईप लावला तर मोटार पाणी ओढायला लागली की तो आतल्या आत चिकटतो. पाणी येत नाही, मोटार नुसती कण्हते. आपण श्वास आत घेतो तेव्हा गळा हा सक्शनचा पाईप असतो. त्याला हाड नाही, तो स्नायूंनी ताणून उघडा ठेवलेला असतो. झोप लागली की स्नायू सैल पडतात, जीभ मागे ढळते. वाट थोडी अरुंद झाली तर पडदा फडफडतो, ते घोरणं. पूर्ण चिकटली तर फडफडायलाही हवा उरत नाही, ती तुमची शांतता. त्या वेळी त्यांच्या छातीकडे आणि पोटाकडे बघा. आवाज नसेल, पण पोट वर-खाली ओढत असेल. मोटार चालूच आहे.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मराठीत निद्राश्वासरोध असा शब्द करता येईल, पण तो मालकांना सांगू नका, आणखी भडकतील. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडला की डॉक्टर एक घटना मोजतात. पूर्ण न अडता बराच कमी झाला तर तीही मोजतात. तासाला अशा ५ पेक्षा कमी घटना असतील तर चिंता नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ३० म्हणजे काय, तर दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळल्यासारखं, तेही रात्रभर. तुम्ही वीस-पंचवीसपर्यंत मोजता. ते किती वेळा होतं हे यंत्राने मोजायचं बाकी आहे.

तुम्ही पत्रात एकेक तक्रार वेगळी लिहिली आहे, पण मला त्या एकाच झाडाच्या फांद्या वाटतात. रात्री तीनदा लघवी: बंद गळ्याविरुद्ध छाती जोराने ओढते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, ते तसा निरोप मूत्रपिंडांना पाठवतं, आणि माणूस उठतो. पुरुषांच्या बाबतीत याचं खापर प्रोस्टेटवर फोडून वर्षं जातात. बीपी: प्रत्येक वेळी दचकून जाग येते तेव्हा अंगात धोक्याची घंटा वाजते, नाड्या आवळतात. रात्रभर हे झालं तर दिवसाच्या गोळ्या पुऱ्या कशा पडणार? सकाळचं जड डोकं, कोरडं तोंड, हातातला घास, सगळं त्याच झाडाचं. भडकणंही. सगळं नाही हो, थोडं स्वभावाचंही असेल, पण ज्याची झोप रात्रीत शंभरदा तुटते त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवणं अवघड आहे.

सासूबाईंना एवढंच सांगा की गाढ झोप झालेला माणूस घास हातात घेऊन डुलत नाही. कुंभकर्ण निदान उठल्यावर तरी ताजातवाना असायचा.

आणि हो, घोरणारा प्रत्येक जण या आजाराचा नसतो. सर्दीत, पाठीवर झोपल्यावर, थकव्यात कितीतरी माणसं घोरतात आणि मजेत असतात. मधली शांतता, दचकून ओढलेला श्वास आणि दिवसाची डुलकी ही तिन्ही एकत्र आली की मात्र थांबायचं नाही.

तुम्ही शिवणकाम करता म्हणजे टेप घरात आहे. मालकांच्या गळ्याचं माप घ्या, कंठमण्याच्या खाली, सैल नको, आवळून नको. शर्ट शिवायचाय म्हणून सांगा. ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे पावणेसोळा इंचाच्या वर भरलं तर संशय आणखी वाढतो. डॉक्टर यासाठी आठ साधे प्रश्न विचारतात: जोरात घोरणं, दिवसा थकवा, श्वास अडलेला कुणी पाहिलाय का, बीपी, वजन, पन्नाशी, गळ्याचं माप आणि पुरुष असणं. तीन किंवा त्याहून जास्त ‘हो’ आले तर तपासणी करायची. तुमच्या पत्रातच पाच ‘हो’ आहेत. वजन तुम्ही लिहिलेलं नाही. ते जास्त असेल तर एक कारण सापडलं, पण नसेल तर निर्धास्त होऊ नका. आपल्या लोकांमध्ये फार जाड नसलेल्यांनाही हा आजार होतो, जबड्याची आणि गळ्याची ठेवण तशी असते.

आता, न्यायचं कसं? ‘तुम्ही घोरता’ या वाक्याने कुठलाही पुरुष दवाखान्यात गेलेला मी पाहिला नाही. ‘तुम्ही फार घोरता’ने तर नाहीच. तुम्ही असं करा. ते घरी असतील त्या रात्री मोबाइल उशाशी ठेवून रेकॉर्डिंग चालू करा. अर्धा तास होऊ द्या. त्यातली एक शांतता निवडा, तुम्ही मोजता ती वीस-पंचवीसची. मग सकाळी चहा झाल्यावर, पोरं शाळेत गेल्यावर (पोरांसमोर नको, सासूबाईंसमोर तर नकोच), ते दोन मिनिटं ऐकवा. आणि शांतता सुरू झाली की म्हणा, आता तुम्हीही श्वास धरा, आणि तिकडे श्वास सुटेल तेव्हाच सोडा. काही बोलू नका. पंधराव्या सेकंदाला ते तुमच्याकडे बघतील.

तेवढ्याने नाही झालं तर गाडीचं बोला. इंजिन असं गुरगुरत मधेच बंद पडायला लागलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नारायणगावला गॅरेजवर नेलं नसतं का? त्यांना बहुतेक आणखी एक भीती असणार, जी ते तुम्हाला सांगत नाहीत: आजार निघाला तर लायसनचं काय? तपासणीचा कागद त्यांच्याच हातात येतो, डॉक्टर तो आरटीओला पाठवत बसत नाहीत. आणि उपचार सुरू झाले की माणूस गाडी उलट जास्त सावधपणे चालवतो. ‘घोरण्यासाठी कुणी डॉक्टर करतं का’ याचं उत्तर हवं असेल तर सांगा, दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा भारतात असे सुमारे १० कोटी लोक असावेत असा अंदाज निघाला. वाशीच्या मार्केटात रात्री दोनला उभ्या असलेल्या गाड्यांत त्यातले बरेच सापडतील.

गाडीबद्दल मला कडक बोलावं लागणार आहे. तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांनी रात्रीची खेप एकट्याने करायची नाही. साठच्या वेगाने चालणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. डुलकी तेवढीच असते, तीन सेकंदांची, आणि डुलकी घेणाऱ्याला ती आलेली कळतही नाही, म्हणून तर कुत्रं आडवं येतं. त्यात वेळ बघा. सकाळी सहाला उठलेला माणूस दिवसभर माल गोळा करतो, भरतो, साडेनऊला निघतो. पहाटे तीनला तो २१ तास जागा असतो. सन २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं होतं की सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचं लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं मंदावतं. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांच्या वर दारू सापडली की गुन्हा. तो अभ्यास चांगल्या झोपेच्या माणसांवर होता. शिवाय रात्री दोन ते पहाटे पाच हा वेळ असा आहे की शरीराचं घड्याळच माणसाला खाली खेचतं, झोप कितीही झालेली असो. काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून, तंबाखू मळून ही झोप हटत नाही, फक्त हटल्यासारखी वाटते.

हप्त्यांचं गणित मला कळतं. गाडी उभी राहिली तर घर कसं चालणार, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण मला दिसतो. म्हणून गाडी विकून टाका असं मी म्हणत नाही. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. भावकीतला, ओळखीतला दुसरा ड्रायव्हर रात्रीच्या खेपेला घ्या, त्याचे पैसे जातील ते जाऊ द्यात. नाहीतर दुसऱ्या गाडीत माल भागीत घाला. अगदीच गेले तर निघण्याआधी संध्याकाळी दीड-दोन तास झोप, सोबत लायसनवाला माणूस, आणि डोळे जड झाले की तिथेच थांबणं. थांबल्यावर आधी कपभर चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. चहाचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. पण हे ठिगळ आहे, आणि पावसाळ्यात धुक्याच्या माळशेजमध्ये ठिगळावर भिस्त ठेवू नका.

डॉक्टर कोणते? छातीचे, म्हणजे पल्मनॉलॉजिस्ट, किंवा कान-नाक-घशाचे. पुण्याला, नाशिकला सोय आहे. एका रात्रीची झोपेची तपासणी असते. डोक्याला तारा चिकटवतात, छातीला-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी. दुखत काही नाही, फक्त माणूस जत्रेतल्या नंदीबैलासारखा दिसतो. थोडी कमी तारांची तपासणी घरीही करता येते, यंत्र देतात, सकाळी परत करायचं. खर्च काही हजारांत जातो. आधी फोनवर विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणचा दर वेगळा. सोबत थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तर तेही यात भर घालतं.

आजार मध्यम किंवा तीव्र निघाला तर सीपॅप नावाचं यंत्र सांगतील. पुन्हा पाईपकडे येते. डिलिव्हरीचा तो चपटा पाईप मोटार चालू झाली की कसा फुगून गोल होतो? सीपॅप तेच करतं. नाकावर मास्क लावून मंद दाबाने हवा आत सोडतं, आणि गळा आतून फुगलेला राहतो, चिकटत नाही. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा हे करून दाखवलं, सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटार होती. आताची यंत्रं उशाशी मावतात, आवाज पंख्यापेक्षा कमी. किंमत मात्र हजारांत मोठी आहे, तीस-चाळीस हजारांच्या घरात आणि पुढे. विकत घेण्याआधी पंधरा-वीस दिवस भाड्याने घेऊन बघा. पहिला आठवडा त्रासाचा असतो. मास्क टोचतो, हवा डोळ्यात जाते, पोरं सोंड म्हणतात. मास्कचे आकार वेगवेगळे असतात, एक नाही जमला तर दुसरा मागा, यंत्र माळ्यावर टाकू नका. असली किती यंत्रं माळ्यावर धूळ खात आहेत ते मला विचारा. रात्री किमान चार तास तरी लावायला हवं, आणि खेपेहून आल्यावरच्या दुपारच्या झोपेतही. गळ्याला दिवस-रात्र कळत नाही. तुमच्याकडे वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवर ते किती वेळ चालेल हे घेतानाच विचारून घ्या.

बाकीचे उपाय थोडक्यात. कुशीवर झोपणं काहींना चांगलं लागू पडतं. बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घाला, पाठीवर वळले की टोचेल. खिसा तुम्ही दहा मिनिटांत शिवाल. वजन जास्त असेल आणि दहा टक्के उतरलं तर श्वास अडण्याच्या घटना साधारण पाव हिश्शाने कमी होतात, म्हणजे उपयोग आहे, पण तीव्र आजार एवढ्याने संपत नाही. झोपण्याआधी तीन-चार तास दारू नको. आजार सौम्य असेल तर जबडा थोडा पुढे धरून ठेवणारी कवळीसारखी पट्टी दंतवैद्य करून देतात. पुण्याच्या वाचकांची हल्ली वजनाच्या इंजेक्शनबद्दल पत्रं येतात. त्यातल्या टिर्झेपटाइड नावाच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या या आजारासाठी मान्यता मिळाली, हे खरं. पण ते महाग आहे आणि ते स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही. नाकात अडकवायच्या रिंगा, हनुवटीचे पट्टे, जाहिरातीतले स्प्रे यांवर पैसे घालवू नका. गावात कुणीतरी रात्री नाकात तूप-तेल सोडायला सांगेलच. नाकातून गळ्यात, गळ्यातून फुप्फुसात तेल गेलं तर तिथे वेगळाच आजार होऊन बसतो. घोरणाऱ्याच्या नाकात झोपताना तेल नको.

आता तुमचं. तुमच्या पत्रात तुम्हाला चार ओळी आहेत आणि त्यांना तीस. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप नाही आणि तीन महिन्यांच्या वर चाललंय, तर तो स्वतंत्र आजार आहे, निद्रानाश. तो ‘यांच्यामुळे’ सुरू झाला असेल, पण आता तो तुमचा झालाय. ते खेपेला गेले तरी झोप येत नाही, यावरून कळतं.

तुम्ही एक काम अंगावर घेतलं आहे, त्यांच्या श्वासावर पहारा. माझं ऐका, तुमच्या मोजण्याने तो श्वास परत येत नाही. तो त्यांचा मेंदू आणतो, तुम्ही झोपलेल्या असताना इतकी वर्षं आणलाच आहे. रेकॉर्डिंग एकदा झालं की पहाऱ्याचं काम संपलं. मग पोरांच्या खोलीत जाऊन झोपा. नवरा-बायको वेगळे झोपतात म्हणून कुणी नाक मुरडलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, मी सांगितलंय. खेपेच्या रात्री त्यांनी गाडी चालवताना फोन करू नये. वाशीला पोचल्यावर एकदाच करावा, आणि तुम्ही त्या एका नंबरची रिंग सोडून बाकी फोन गप्प ठेवावा.

गोळी एकदम बंद करू नका. वर्षभर घेतलेली अशी गोळी झटक्यात सोडली तर झोप पूर्ण उडते, जीव घाबरतो, काहींना फिटही येते. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने कमी करतील. या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून त्याने दिली, अनोळखी असता तर दिली नसती, तुमचं भलं झालं असतं. आणि तोवर हे सुरू करा: झोप दाटून आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत यायचं. रात्रभरात पाच वेळा उठावं लागलं तरी उठायचं. घड्याळ बघायचं नाही. सकाळी उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारी आडवं व्हायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस तुम्ही मला शिव्या द्याल, हे मी लिहून देते. त्यानंतर बिछाना म्हणजे काळजी करायची जागा, ही सवय सुटायला लागते. एक आणखी, रात्री दहा-अकरापर्यंत मशीनवर बसून ट्यूबलाइटखाली हूक लावत असाल तर ते काम सकाळवर टाका, आणि संध्याकाळनंतर चहा नको.

सीपॅप सुरू झाल्यावरची गंमत आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या रात्री खोली इतकी शांत होईल की तुम्ही दचकून उठाल आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून बघाल. सगळ्या बायका बघतात.

सासूबाईंच्या पायांचं. पायात किडे वळवळल्यासारखं वाटतं, हलवले की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा सुरू, आणि दिवसा फारसं नाही, असं असेल तर त्यालाही नाव आहे, रेस्टलेस लेग्ज. भुतंखेतं नाहीत आणि नाटकही नाही. पुष्कळदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन तपासायला सांगा, हिमोग्लोबिन चांगलं असूनही ते कमी असू शकतं. सोबत शुगर आणि मूत्रपिंडाची तपासणी. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या त्यांना देऊ नका, त्याने पाय जास्त वळवळतात. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर त्या लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात, आणि जेवणावर लगेच चहा नको, किमान तासभर थांबावं, चहाने लोह अंगी लागत नाही. त्या ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. माझ्या सासूबाईंनीही ऐकलं नव्हतं. तेव्हा चहा उशिराच टाका आणि गॅस संपलाय म्हणून सांगा.